उरीयाचं नाव कुठे गेलं?

तुमच्या ओळखीत एखादी ख्रिस्ती मावशी, कॉलेजातला रूममेट किंवा ऑफिसातली मैत्रीण असेल, तर ही यादी तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. मागे सूर्योदयाचा नाहीतर गव्हाच्या शेताचा फोटो आणि त्यावर नावं. नोहा दारू पिऊन पडला होता. याकोबाने सख्ख्या भावाला फसवलं. मोशे बोलताना अडखळायचा. दावीदाने व्यभिचार केला. योना पळून गेला. पेत्राने ऐन वेळी येशूची ओळख नाकारली. जक्कय बुटका होता. शेवटी एक विनोद, की लाजर तर मेलेलाच होता! आणि मग तात्पर्य : देवाने या सगळ्यांना वापरलं, मग तुम्हाला का नाही वापरणार?

मी वाशिमचा, ख्रिस्ती घरातला. ही यादी मी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत वाचली आहे. युवक शिबिरात ऐकली आहे, बारावीच्या निकालात कमी मार्क पडलेल्या पोरांना धीर देताना ऐकली आहे. तिथे ती शोभते. पण गेल्या काही वर्षांत ती मला भलत्याच ठिकाणी भेटायला लागली आहे. कुठल्याशा पाळकाचं प्रकरण बाहेर येतं, पैशाचं किंवा बाईचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर ही यादी हजर असते. खाली हात जोडलेले इमोजी. विषय संपला.

हा लेख त्या यादीच्या विरोधात आहे. तिच्या तात्पर्याच्या विरोधात नाही. अपूर्ण माणसांकडून देव काम करून घेतो यावर माझा विश्वास आहे. तसं नसतं तर आमच्यासारख्यांनी चर्चची पायरी कशाला चढली असती? माझं भांडण एवढंच आहे, की हे वाक्य आज कोण कुणाला ऐकवतं, आणि ऐकवताना कुणाची नावं गाळतं.

* * *

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो.

वाशिमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. लोक मिशन हॉस्पिटलच म्हणतात. वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून साठ वर्षं होती, तेव्हा म्हणजे १९३८ साली ते सुरू झालं. चर्च ऑफ द नाझरीन या अमेरिकन पंथाच्या मिशनने ते काढलं आणि डॉ. ऑर्फा स्पायकर या बाईंनी ते उभं केलं. बाईमाणूस, परका देश, परकी भाषा आणि वऱ्हाडातला उन्हाळा. तिच्या धैर्याबद्दल बोलताना आमच्याकडची म्हातारी माणसं आजही हळवी होतात.

पण दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही. कुणीतरी जखमेची पट्टी बदलावी लागते, रात्री बाळंतिणीच्या उशाशी बसावं लागतं, भांडी उकळावी लागतात, फाटकावर आलेल्या बैलगाडीतून पेशंट उतरवून घ्यावा लागतो. ही कामं करणारी माणसं इथलीच. त्यांतलं कुणी तापट असणार, कुणी चहाड्या करणारं, कुणी ड्युटी टाळणारं. मिशनरीही काही आकाशातून उतरले नव्हते. स्वतःच्या देशाचा, वर्णाचा ताठा त्यांच्याबरोबर बोटीतून आलाच असणार. तरी त्यांच्या हातून पोरं जन्मली, आया जगल्या.

संत पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना मातीच्या भांड्यांची उपमा वापरतो. ठेवा मोलाचा, भांडं मातीचं. उन्हाळ्यात माठ वापरणाऱ्या आपल्या मुलखात ती समजावून सांगावी लागत नाही. ओळीतलं खरं एवढंच आहे, आणि ते पुष्कळ आहे. हे वाक्य नर्सबाईचं आहे, कंपाउंडरचं आहे, आपल्याकडून काय होणार असं म्हणत मागच्या बाकावर बसणाऱ्याचं आहे. ज्याला स्वतःची किंमत कमी वाटते त्याला उठवून उभं करण्यासाठी ते आहे.

आता तेच वाक्य व्यासपीठावरच्या, माईक हातात असलेल्या, मंडळीच्या खात्यावर ज्याची सही चालते अशा माणसाच्या तोंडी घालून बघा. अर्थ उलटा होतो. ज्या वाक्याने मागच्या बाकावरच्याला उभं करायचं, त्याच वाक्याने त्याला पुन्हा खाली बसवलं जातं.

* * *

यादीत काय गडबड आहे ते नीट पाहू.

पहिली गोष्ट, तिच्यात सगळं एकाच मापाने मोजलं आहे. मोशेचं अडखळणं, जक्कयाची उंची, योनाची भीती, दावीदाचा गुन्हा, सगळं एका ओळीत. बुटकं असणं आणि माणूस मारवणं यांत काही फरकच नाही का? अडखळत बोलणाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं? उणीव वेगळी आणि अपराध वेगळा. यादी दोन्हीला अपूर्णता हे एकच गोजिरवाणं नाव देते, आणि त्या नावाच्या पदराखाली अपराध झाकून जातो. बरं, जक्कयाच्या गोष्टीत उंची हा मुद्दाच नाही. तो जकातदारांचा म्होरक्या होता, लोकांना नागवून श्रीमंत झालेला. येशू घरी आला तेव्हा त्याने उभं राहून जाहीर केलं, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. चौपट! यादीत हा आकडा येत नाही. उंची तेवढी येते.

दुसरी गोष्ट, तिच्यात फक्त करणाऱ्यांची नावं आहेत. ज्यांच्यावर ओढवलं त्यांची नाहीत. अब्राहामाचं नाव घेतलं जातं, पण त्याच्या घरातून पोरासकट वाळवंटात घालवून दिलेल्या हागार दासीचं नाही. याकोब आहे, एसाव नाही. दावीद आहे, उरीया नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री दोनला सिस्टिम बसली की नंतर आम्हाला एक कागद लिहावा लागतो, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. शहाण्या टीममध्ये त्यात कुणालाही फासावर चढवत नाहीत. कुणी बटन दाबलं यापेक्षा ते दाबता कसं आलं याची चर्चा होते. पण त्या कागदात एक रकाना असतो, तो रिकामा ठेवला तर कागद परत येतो. फटका कुणाला बसला? किती जणांचे पैसे अडकले, किती वेळ? दया दाखवायला आमची हरकत नसते, पण हा रकाना भरल्याशिवाय दयेचा विषयच निघत नाही. व्हॉट्सअॅपवरच्या यादीत तो रकानाच नाही.

तिसरी गोष्ट, गोष्टीचा मधला भाग कापला आहे. पाप केलं, मग देवाने वापरलं. या दोहोंच्या मध्ये जे घडलं ते गायब.

तो मधला भाग दावीदाच्याच गोष्टीत पाहू, कारण प्रकरण निघालं की सगळ्यांत आधी त्याचंच नाव पुढे येतं.

* * *

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय. राजा गच्चीवर फिरतोय. सैन्य लढाईवर गेलंय. खाली एक बाई अंघोळ करताना दिसते. राजा चौकशी करतो. कळतं की ती बथशेबा, उरीयाची बायको. उरीया राजाच्याच फौजेत आहे, जातीने हित्ती, म्हणजे मूळचा परका. हे कळल्यावरही राजा माणसं पाठवून तिला आणवतो. इथे 'व्यभिचार' हा शब्द वापरताना मला अडखळायला होतं. राजाचे शिपाई दारात आल्यावर त्या बाईला नाही म्हणायची सोय होती का?

ती गरोदर राहते. राजा उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतो, घरी जा म्हणतो, म्हणजे पोर त्याच्या नावावर खपेल. उरीया जात नाही. सोबती उघड्या रानात पडलेले असताना मी घरी कसा जाऊ, म्हणतो आणि राजवाड्याच्या दारातच झोपतो. मग राजा सेनापतीला पत्र लिहितो, की याला जिथे लढाई जोराची असेल तिथे पुढे ठेवा आणि मागे सरका. ते पत्र उरीयाच्याच हातात देऊन पाठवतो. उरीया स्वतःचा मृत्यू खिशात घेऊन जातो. प्रामाणिक माणूस, उघडून वाचत नाही.

पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा राजासमोर येतो. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी कापली अशी गोष्ट सांगतो, राजा भडकतो, आणि मग नाथान बोट दाखवतो तो राजाकडेच. ध्यानात घ्या, देवाने या प्रकरणात वापरलेला पहिला माणूस दावीद नाही, नाथान आहे. तोंडावर बोलायला देवाने कुणालातरी पाठवलं. आणि दावीदाचं मोठेपण कशात? त्याने नाथानाला यादी वाचून दाखवली नाही. नोहाही पीत होता असं म्हणाला नाही. मी पाप केलं एवढंच म्हणाला. क्षमा मिळाली, तरी घर मात्र सावरलं नाही. पुढचे कित्येक अध्याय त्या घराच्या पडझडीचेच आहेत.

आता यादी करायची झाली तर बायबलची स्वतःचीही एक यादी आहे. नव्या कराराच्या पहिल्याच पानावर मत्तय येशूची वंशावळ देतो. कंटाळवाणी म्हणून आपण ती ओलांडून पुढे जातो. त्या वंशावळीत दावीदापासून शलमोन कुणाच्या पोटी झाला ते सांगताना मत्तय बथशेबाचं नाव लिहीत नाही. तो लिहितो, उरीयाची जी बायको होती तिच्यापासून. त्या घटनेला शेकडो वर्षं उलटून गेली होती. दावीद तोवर राष्ट्राचा लाडका राजा झाला होता. मशीहा दावीदाचा पुत्र म्हणून ओळखला जाणार होता. सोयीचं काय होतं? उरीयाला गाळणं. मत्तयने येशूच्या खानदानाच्या कागदावर, सगळ्या जगाला दिसेल असं, त्या मेलेल्या शिपायाचं नाव ठेवलं. दावीदाच्या शूरवीरांची जी यादी शमुवेलच्या पुस्तकात आहे तिच्यातही सगळ्यांत शेवटचं नाव उरीया हित्ती हेच आहे.

देव अपूर्ण माणसाला वापरतो, हे मत्तयही सांगतो. पण त्याच्या यादीत उरीया आहे. आपल्या यादीत नाही. आपली यादी बायबलची म्हणून का फिरावी?

* * *

हे सगळं शास्त्रातलं झालं. आता जमिनीवर येऊ.

विदर्भातल्या एका मंडळीत, पंथ आणि गाव सांगत नाही, चर्चच्या बांधकामासाठी निधी जमला. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून लोकांनी दशांश दिला होता, काहींनी अंगावरचं किडूकमिडूक दिलं होतं. भिंती छतापर्यंत गेल्या आणि काम थांबलं. दोन वर्षं झाली, तीन झाली. सभेत काही तरुणांनी हिशेब मागितला. मी तिथे होतो. हिशेब मिळाला नाही, उपदेश मिळाला. पाळकसाहेबांनी दावीद, पेत्र, पौल सगळ्यांना एकेक करून उभं केलं. देवाने आपल्याला किती वापरलं, किती आजारी बरे झाले, किती दारुडे सुटले ते सांगितलं. मग, मीही माणूसच आहे, असं म्हणून डोळे पुसले. अर्धी मंडळी त्यांच्याबरोबर रडली.

सभा सुटल्यावर बाहेर चपला शोधताना एक आजी बोलली. शेतमजुरी करणारी बाई, अक्षरओळख नाही. म्हणाली, "देव त्याले वापरते त वापरो ना बापा. पण तो आमाले काहून वापरते?"

धर्मशास्त्रावर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलं आहे. या वाक्याच्या जवळपास जाणारं फार थोडं सापडलं.

हे फक्त खेड्यातल्या मंडळीचं दुखणं आहे असं समजू नका. रवी झकरायस हे नाव तुमच्यापैकी काहींनी यूट्यूबवर ऐकलं असेल. १९४६ साली मद्रासमध्ये जन्मलेला माणूस, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती वक्त्यांपैकी एक. इंग्रजी शिकलेल्या, प्रश्न पडणाऱ्या भारतीय ख्रिस्ती पोरांचा तो हिरो होता, कारण तो विद्यापीठांत जाऊन नास्तिकांशी वाद घालायचा. २०१७ साली कॅनडातल्या एका बाईचं प्रकरण निघालं तेव्हा त्याने तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावरच दावा ठोकला. गुप्ततेच्या कराराने ते मिटवलं गेलं. त्याची संस्था त्याच्या पाठीशी उभी राहिली. मे २०२० मध्ये तो वारला, जगभरातून श्रद्धांजल्या आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल बाहेर आला : मसाज करणाऱ्या स्त्रियांचं वर्षानुवर्षं लैंगिक शोषण. त्या अहवालातल्या एका स्त्रीने सांगितलं, की तू तोंड उघडलंस आणि माझं नाव खराब झालं तर लाखो आत्म्यांच्या नाशाला तू जबाबदार असशील, असं त्याने तिला बजावलं होतं.

देव मला वापरतो, म्हणून तू गप्प बस. ग्रुपवरची यादी इथवर येऊन पोचते. शेवटी संस्थेने माफी मागितली, त्या कॅनडातल्या बाईचीही. पण तोवर चार वर्षं ती बाई जगासाठी खोटारडी होती.

* * *

यावर तीन उत्तरं ठरलेली असतात. तिन्ही मी अनेकदा ऐकली आहेत.

पहिलं : अभिषिक्ताला हात लावू नये. दावीदाने शौलाला मारायची संधी सोडली, कारण शौल देवाचा अभिषिक्त राजा होता. मारलं नाही हे खरं. पण पुढचं वाचा. गुहेत त्याने शौलाच्या झग्याचा काठ कापून घेतला, शौल बाहेर पडल्यावर मागून हाक मारली आणि तो कापलेला तुकडा दाखवत, सगळ्या सैन्यादेखत, तू माझ्यावर अन्याय करतो आहेस, देव आपल्या दोघांचा न्याय करील, असं सांगितलं. त्याने तलवार उपसली नाही. पण पुरावा हातात धरून, मोठ्याने, सगळ्यांसमोर बोलला. हिशेब मागणारे तरुण दुसरं काय करत होते?

पंडिता रमाबाईंचं उदाहरणही हेच सांगतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वांटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या जोगिणींनी त्यांना आधार दिला त्यांच्याशी, आणि अँग्लिकन अधिकाऱ्यांशी, त्यांनी पत्रांतून सडेतोड वाद घातले. देवाची आज्ञा पाळणं म्हणजे पुरोहिताची आज्ञा पाळणं, हे त्यांनी मान्य केलं नाही. पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते याच हट्टी बाईच्या हातून.

दुसरं उत्तर : आपण मूठभर, घरातलं बाहेर काढलं तर बाहेरचे टपलेलेच आहेत. ही भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. प्रार्थनेला जमलेल्या लोकांकडे संशयाने बघणारे डोळे आम्ही रोज पाहतो. पण ज्या बाईचं शोषण झालं, ज्या शेतमजुराचा पैसा गेला, तेही या एक टक्क्यातलेच ना? अल्पसंख्याकांतल्या अल्पसंख्याकाचं काय? समाजाची अब्रू वाचवायची म्हणून सगळ्यांत दुबळ्या माणसाने तोंड शिवून घ्यायचं, हा रिवाज आपल्याकडे धर्माधर्मांत फिरून आलेला आहे. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी हे वाचताना तुम्हाला तुमच्याकडचे बुवा, महाराज, नाहीतर थोर लेखक आठवले असतील. तिथेही शब्द थोडे बदलून हेच ऐकू येतं, की माणूस मोठा होता, त्याचं काम बघा.

तिसरं उत्तर सगळ्यांत गोड आहे : क्षमा करा, येशूने क्षमा केली. हो, केली. पेत्रालाही केली. पण ती करताना कोळशाच्या विस्तवाजवळ बसवून तीनदा तोच प्रश्न विचारला, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा नाकारलं होतं, तीनदा विचारलं. पेत्राला वाईट वाटलं. वाटू दिलं. तोच पेत्र पुढे अंत्युखियात परजातीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवायचा, आणि कर्मठ मंडळी आल्यावर त्या पंक्तीतून उठला. पंक्तिभेद! आपल्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवलं. पेत्राने तेव्हा अपूर्णतेवर उपदेश केल्याची नोंद नाही. मराठी मंडळ्यांत जातीचा प्रश्न निघाला की आपण जो विषय बदलतो, तो पौलाने बदलला नव्हता.

* * *

वाशिमच्या संदर्भात एक गोष्ट मला विशेष बोचते. ज्या नाझरीन पंथाने आमच्याकडे दवाखाना काढला, तो मुळात पवित्रतेच्या शिकवणुकीतून निघालेला पंथ आहे. १९०८ साली टेक्सासमध्ये त्याची आजची घडी बसली, आणि त्याची मुळं अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लीपर्यंत जातात. वेस्ली म्हणायचा, की देवाच्या कृपेने माणूस याच जन्मात प्रीतीत परिपूर्ण होऊ शकतो. लोक त्याला हसले. परिपूर्ण? माणूस? तेव्हा त्याने फरक करून सांगितला. अज्ञान राहील, चुका राहतील, शरीराचं आणि बुद्धीचं दुबळेपण राहील. त्यांच्यासाठीही ख्रिस्ताची क्षमा लागतेच. पण ठाऊक असलेला नियम जाणूनबुजून मोडणं, ते वेगळं. त्याला पाप म्हणतात, आणि ते सोडता येतं.

वेस्लीही काही संत म्हणून जन्माला आला नव्हता. १७५१ साली त्याने एका विधवेशी लग्न केलं. संसार दुःखाचा झाला, ती त्याला सोडून गेली, आणि १७८१ साली ती वारली तेव्हा तिला पुरल्यानंतर त्याला बातमी कळली. तिच्या बाजूची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. पण वेस्लीने केलेला तो फरक अडीचशे वर्षांनी आपल्या कामाचा आहे. ज्या शिकवणुकीने आमच्या जिल्ह्यात प्रार्थनागृहं उभी केली, ती सांगते की उणिवेला सांभाळून घ्या आणि पापाला पाप म्हणा. आम्ही फॉरवर्ड करतो ती यादी सांगते, की दोन्ही एकच, सोडून द्या.

मग अपूर्ण माणसाबद्दल बोलायचं कसं? फासावर न चढवता आणि देव्हाऱ्यात न बसवता? मराठीत याचं उत्तर केव्हाच लिहून झालं आहे, आणि ते एका ख्रिस्ती बाईने लिहिलं आहे.

नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या पदरात लहान मुलगा होता. पुढची जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या टिळकांकडे आल्या, पण सोवळं सोडलं नाही. पुढे स्वतः विचार करून ते सोडलं आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. टिळक १९१९ मध्येच वारले होते. मराठी मंडळ्या त्यांची भजनं गात होत्या, आजही 'उपासना संगीत' उघडलं की टिळक भेटतातच. त्यांना संत करून टाकायला सगळी तयारी होती.

लक्ष्मीबाईंनी ते होऊ दिलं नाही. त्यांच्या पुस्तकातले टिळक संतापी आहेत, न सांगता घर सोडून जाणारे आहेत, घरात उद्याची सोय नसताना हातातलं कुणालाही देऊन टाकणारे आहेत. त्या संतापाची, त्या परागंदा होण्याची किंमत कुणी मोजली ते पानोपानी दिसतं. आणि त्याच पुस्तकातले टिळक प्रेमळ आहेत, निर्भय आहेत, देवासाठी वेडे आहेत. लक्ष्मीबाईंनी स्वतःलाही सूट दिली नाही. आपल्या सोवळ्याची त्या खळखळून थट्टा करतात. वाचून संपल्यावर टिळकांबद्दलचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो, कारण आता तो खऱ्या माणसाबद्दलचा असतो. देवाने या माणसाला वापरलं हे त्या पुस्तकावरून पटतं. टिळक स्वतः म्हणाले असते तर पटलं नसतं.

माझा मुद्दा यापुढे जात नाही. "देव अपूर्ण माणसाला वापरतो" ही साक्ष आहे, आणि साक्ष दुसऱ्याने द्यायची असते. ती देण्याचा पहिला हक्क त्याचा, ज्याने त्या अपूर्णतेची झळ सोसली. लक्ष्मीबाई बोलू शकतात. उरीया बोलू शकत नाही, म्हणून मत्तय त्याच्या वतीने बोलतो. स्वतःच्या बचावासाठी स्वतःच हे वाक्य उच्चारणाऱ्याची साक्ष कुठल्याही कोर्टात टिकत नाही, चर्चमध्ये का टिकावी?

पुढच्या वेळी ती यादी तुमच्या ग्रुपवर आली, तर तिच्याखाली टाइप करायला दोन मिनिटं लागतात. दावीद, आणि शेजारी उरीया. अब्राहाम, आणि शेजारी हागार. जक्कय, आणि शेजारी चौपट. पाळकसाहेब, आणि शेजारी बांधकाम निधी, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. कुणीतरी ग्रुपमधून काढून टाकेल. टाकू दे. ज्या आजीने बाहेर चपला शोधताना तो प्रश्न विचारला, तिच्याकडे स्मार्टफोन नाही. तिचं वाक्य तिथे कुणीतरी लिहायला हवं.